वहीत खाडाखोड चालत नाही, मग फाइलीत कशी चालेल?

(‘व्हर्जन कंट्रोलची पहिली ओळख’ या वर्गाच्या समारोपाला प्रभागसंघाच्या सचिवताईंनी केलेलं भाषण)

नमस्कार ताईंनो, मावश्यांनो, आणि मागच्या रांगेत लाजून बसलेल्या आमच्या चौदा विद्यार्थिनींनो,

मला कौतुक करायला उभं केलंय. पण आधी मी माझी एक चूक सांगणार आहे. त्याशिवाय या पोरींनी काय शिकलंय ते कळायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी मी ग्रामसंघाची सचिव होते. कर्जवसुलीची फाइल तीन ठिकाणी होती. एक लेखापाल ताईंकडे, एक माझ्या पेनड्राइव्हवर, एक व्हॉट्सॲपवर फिरणारी. नावं तर काय विचारू नका! ‘कर्ज नवीन’, ‘कर्ज नवीन २’, ‘कर्ज शेवटची’, ‘कर्ज खरंच शेवटची’. एका रात्री मी घाईत जुनी फाइल नव्या फाइलीवर टाकली. एका मावशींचे दोन हप्ते त्यात पुसले गेले, आणि मला पत्ताच नाही.

मासिक बैठकीत मी थकबाकीची यादी मोठ्यानं वाचली. त्यात मावशींचं नाव. त्या म्हणाल्या, “बाई, मी भरलेत.” त्यांचं पासबुक तेव्हा नोंदीसाठी आमच्याकडंच होतं. ते काढून बघायचं सोडून मी म्हणाले, “मावशी, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही.” सगळ्यांसमोर म्हणाले. त्या खाली बसल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी बोकड विकून पैसे आणून दिले.

पासबुक सापडलं तेव्हा दोन्ही हप्ते सहीसकट होते. पैसे परत केले, ठराव लिहिला, मी माफी मागितली. बोकड काही परत आलं नाही.

आता बघा, आपल्या कागदी वहीला एक शिस्त आहे. आकडा चुकला तर व्हाइटनर लावायचा नाही. एक रेघ मारायची, बाजूला बरोबर आकडा लिहायचा, सही करायची. चुकलेला आकडाही दिसला पाहिजे. फाइलीत मात्र आपण खुशाल पुसत होतो. या मुली जे ‘गिट’ शिकल्या, ते फाइलीला वहीची शिस्त लावतं. प्रत्येक बदल कुणी केला, कधी केला, कशासाठी केला, याची नोंद करायची. तिला ‘कमिट’ म्हणतात. जुनं सगळं मागं जपलेलं राहतं. चूक झाली तर ‘रिव्हर्ट’ करता येतं. त्यात जुनी नोंद पुसली जात नाही, तर उलटी नवी नोंद पडते. आपल्या लेखापाल ताईंना हे एका मिनिटात कळलं. म्हणाल्या, “ही तर आपली उलट नोंद!”

गिट २००५ साली लिनस टोरवाल्ड्स या माणसानं बनवलं. लिनक्सवर जगभरातली माणसं एकत्र काम करायची. त्यासाठी जे साधन ती वापरत होती, ते फुकट मिळायचं बंद झालं, म्हणून यानं स्वतःचं केलं. इंग्रजी बोलीत ‘गिट’ म्हणजे बावळट, तिरसट माणूस. हे नाव मी माझ्यावरूनच ठेवलं, अशी तो चेष्टा करायचा. असो.

आपल्याला त्यातलं उपयोगी काय, तर प्रत्येकीच्या कॉम्प्युटरवर पूर्ण इतिहास राहतो. रेंज गेली तरी काम थांबत नाही. कमिट करून ठेवायचं आणि रेंज आली की वर पाठवायचं. आपल्याकडं रेंजचं काय आहे ते तुम्हाला माहीतच आहे.

पहिल्या आठवड्यात यांच्या नोंदी कशा होत्या? ‘बदल केला.’ ‘परत बदल केला.’ शिकवणाऱ्या ताईंनी विचारलं, “सहा महिन्यांनी यातून काय कळेल?” आता त्या लिहितात, ‘मार्चच्या बैठकीचे हप्ते भरले, दोन सभासद गैरहजर.’ इतिवृत्तासारखं. मला सगळ्यात आवडलं ते हेच.

आणि तो कॉन्फ्लिक्ट! दोघींनी एकाच ओळीत वेगवेगळा आकडा घातला की गिट अडून बसतं. दोन्ही आकडे समोर ठेवतं आणि म्हणतं, तुम्हीच ठरवा. पहिल्यांदा आला तेव्हा एकीला वाटलं कॉम्प्युटर बिघडला, ती रडायलाच लागली. नंतर दोघी पासबुक घेऊन शेजारी बसल्या आणि बरोबर आकडा ठेवला. मावशींच्या वेळी मीही एवढंच करायला हवं होतं.

पण भाबडं राहू नका. चुकीचा आकडा भरला तर गिट तोही इमानदारीनं जपतं. चौघींनी एकाच नावानं काम केलं तर कुणी काय केलं ते कळणार नाही. एक्सेलच्या फाइलीत बदल झाला एवढंच ते सांगतं, कुठला आकडा बदलला ते धड दाखवत नाही. म्हणून या मुली यादी साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवायला शिकल्या. आणि सभासदांचे आधार नंबर, खाते नंबर त्यात घालायचे नाहीत म्हणजे नाहीत. नंतर फाइल काढली तरी ते मागच्या इतिहासात राहतात. कागदी वह्याही चालूच राहणार, हे कार्यकारिणीत ठरलंय.

वर्गाला सतरा जणी बसल्या होत्या. एक बाळंतपणाला माहेरी गेली, दोघी ऊसतोडीला गेल्या. त्यांच्या जागा पुढच्या वर्गात राखून ठेवल्यात. बाकीच्या चौदा जणींनी दुपारी दोन ते चार, शेतातनं येऊन, पोरं सासूकडं टाकून हे पूर्ण केलं. त्या सासवाही इथं आल्यात, त्यांच्यासाठी टाळ्या वाजवा.

येत्या महिन्यापासून सहा गटांच्या कर्जयाद्या या मुली सांभाळतील. दर बैठकीत मागच्या महिन्यात काय बदललं ते वाचून दाखवतील, आणि थकबाकीत नाव घेण्याआधी पासबुक उघडतील.

प्रमाणपत्रं माझ्या हातून द्यायची असं ठरलं होतं. मी नाही म्हटलं. मावशी तिसऱ्या रांगेत बसल्यात. मावशी, या वर. चष्मा आणलाय ना? नावं तुम्हीच वाचा.