फुटल्यावर काठावर काय उरतं?
(वसईतील हिवाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



काच भट्टीत तापवून हवेच्या झोताने झटकन गार केली की ती टफन होते, साध्या काचेच्या चार-पाच पट ताकदीची होते, हे आपल्याला ठाऊक आहेच. त्यात वेळ घालवत नाही. माझा आग्रह एकच आहे. बाल्कनीला काच लावताना आपण विचारतो, "फुटणार नाही ना?" विचारायला हवं, "फुटली तर काठावर काय उरेल?" नुसती टफन काच असेल तर काहीच उरत नाही. बारा मिलिमीटरची दणकट काच क्षणात बारीक तुकडे होऊन खाली कोसळते आणि दहाव्या मजल्याची कड उघडी पडते.

मी काचेच्या विरोधात नाही. पुढच्या रांगेतले बिल्डर हसताहेत, पण खरंच नाही. (हशा) बाल्कनीत बसून तुंगारेश्वरचा डोंगर दिसावा असं कुणालाही वाटेल. माझं भांडण आहे ते एकेरी काचेशी.

इथल्याच एका सोसायटीची गोष्ट सांगतो. पहाटे, थंडीत, बाल्कनीची काच आपोआप फुटली. खाली मुलं क्रिकेट खेळतात, म्हणून कमिटीने थेट त्यांच्या आईवडिलांना नोटीस काढली. मला बोलावलं. काचेला आतून सनफिल्म लावलेली होती, म्हणून तुकडे जागेवर होते. सगळ्या भेगा एका बिंदूतून निघालेल्या, आणि तिथे दोन मोठे तुकडे एकमेकांना लागून, फुलपाखराच्या पंखांसारखे. असं फुलपाखरू दिसलं की आम्ही निकेल सल्फाइडचा कण शोधतो. काच बनतानाच तो आत अडकतो. झटकन गार केल्यामुळे त्याचं उष्ण रूप तसंच कोंडलं जातं. मग महिन्यांनी, वर्षांनी तो मूळ रूपात येतो, किंचित फुगतो, आणि ताणाखाली असलेल्या गाभ्यात असेल तर अख्खी काच जाते. चेंडू लागत नाही, वारा लागत नाही. ती नोटीस मागे घ्या आणि मुलांची माफी मागा, असा मी हट्टच धरला. (टाळ्या) मागितली त्यांनी, जाहीरपणे, सोसायटीच्या सभेत.

या कणावर हीट सोक नावाची चाचणी आहे. काच पुन्हा तापवून ठेवतात, कच्ची असेल ती कारखान्यातच फुटते. धोका बराच कमी होतो, संपत मात्र नाही. म्हणून लॅमिनेटेड घ्या: दोन टफन काचा, मध्ये पीव्हीबी या प्लॅस्टिकचा थर. एक फुटली तरी दुसरी उभी असते, तुकडे थराला धरून राहतात. दोन्ही फुटल्या तर पीव्हीबी लोंबकळतो, म्हणून वर सलग हँडरेल हवीच, दोन्ही टोकांना भिंतीत बांधलेली. "दिसायला चांगली नाही" म्हणून आर्किटेक्ट ती काढतात. त्यावर मी वाद घालतो आणि घालत राहीन. महाग पडतं, हो. पण काच स्वस्त आणि कठडा बेभरवशाचा, हा सौदा मला मान्य नाही.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं. तर भराभर.

घरातल्या बाल्कनीच्या कठड्याला आयएस ८७५ हे भारतीय मानक मीटरमागे ०.३५ किलोन्यूटन आडवा भार धरतं, म्हणजे साधारण पस्तीस किलो. गर्दीच्या जागी २.२५, सव्वादोनशेच्या वर. विसर्जनाची मिरवणूक जाताना तुमच्या बाल्कनीत किती माणसं रेलतात, ते आठवा आणि डिझायनरला सांगा. काचेतली भोकं टफन करण्याआधीच पाडलेली हवीत. आपल्या खाऱ्या हवेत स्टील ३१६ ग्रेडचं. नुसतं "एसएस" म्हणणाऱ्याला ग्रेड लिहून द्यायला लावा. काच ज्यात बसते त्या यू-चॅनलला पाणी जायला छिद्रं ठेवा, नाहीतर लॅमिनेशनची कड पांढरी पडत जाते. कठड्याची उंची तयार फरशीपासून मोजतात, आणि जुन्या फरशीवर नवी टाइल बसवली की ती तेवढी कमी होते. कठड्याला लागून चपलांचं कपाट, कुंड्या, खुर्ची ठेवू नका, मुलं चढतात.

घंटा झाली. ज्यांच्या सोसायटीत काच बसायची आहे, त्यांनी कोटेशन आणलं असेल तर खाली थांबा. ओळीओळीने पाहू, "लॅमिनेटेड" हा शब्द नसेल तर सही करू नका.