साडेपाच लाखांचा पगार आणि प्लॉटचा विसार

आज पगाराबद्दल बोलू. मागच्या महिन्यात मला म्युनिकहून नोकरीची ऑफर आली, वर्षाला 65,000 युरो. सांगलीत बाबांनी कॅल्क्युलेटर काढला, युरोचे 100 रुपये धरले, बाराने भागलं. महिना जवळजवळ साडेपाच लाख! दुसऱ्याच दिवशी फोन : "प्लॉट बघून ठेवलाय. रविवारी विसार देतो."

म्हटलं, बाबा, जरा थांबा. आधी नीट हिशोब करू.

पहिला प्रश्न, हातात किती? जर्मनीत आयकर, पेन्शन, आरोग्य विमा, बेरोजगारी विमा, सगळं पगारातूनच कापलं जातं. माझ्यासारख्या अविवाहिताच्या हातात महिना साधारण 3,300 युरो येतात, म्हणजे 3 लाख 30 हजार रुपये. पुण्यात माझं पॅकेज 24 लाखांचं, हातात दीड लाख. तरी दुपटीपेक्षा जास्तच की!

आता दुसरा हिशोब. अमेरिकेत 1 डॉलरला जेवढं सामान आणि सेवा मिळतात, तेवढंच भारतात घ्यायला साधारण 20 रुपये लागतात, असं जागतिक बँकेचे आकडे सांगतात. बाजारात मात्र डॉलर 80 च्या वर आहे. याला म्हणतात परचेसिंग पॉवर पॅरिटी, म्हणजे क्रयशक्तीची तुलना. याच पद्धतीने जर्मनीचा 1 युरो आपल्या 30 रुपयांच्या आतबाहेर येतो. मग माझे 3,300 युरो किती? लाखभर रुपये. म्हणजे म्युनिकला जाऊन मी गरीब होणार!

मग खरं काय? एकाने दुप्पट, दुसऱ्याने दोन तृतीयांश. माझं उत्तर : दोन्ही खरं, पण वेगवेगळ्या पैशांसाठी. जो युरो तिथेच खर्च होतो, तो क्रयशक्तीने मोजायचा. जो वाचून सांगलीला येतो, तो बँकेच्या दराने. म्हणून पगार नाही, शिल्लक बघायची.

म्युनिकमध्ये एका खोलीचा फ्लॅट, हीटिंग धरून 1,400 युरो. किराणा, प्रवास, फोन, वर्षातून एकदा घरी यायचं विमान, सगळं धरून मी 2,300 पर्यंत पोचलो. उरले 1,000, म्हणजे एक लाख रुपये. पुण्यात 65 हजार खर्च होऊन 85 हजार उरतात. फरक फक्त 15 हजारांचा!

एक गोष्ट मात्र सरासरीत दिसत नाही. फोन, लॅपटॉप, विमानाचं तिकीट यांच्या किमती दोन्हीकडे फारशा वेगळ्या नसतात. स्वस्त असतं ते माणसाचं काम. पुण्यात केस कापायला मी 150 रुपये देतो, तिथे 30 युरो लागतील. पुण्यात माझी भांडी घासायला, डबा करायला मावशी येतात. तिथे ते मीच करणार, कारण तिथे त्या कामाचा पगारही चांगला असतो. म्हणजे पुण्यात माझा पगार "पुरतो", त्यातला काही भाग मावशींच्या कमी पगारातून येतो. हे कळल्यावर जरा ओशाळलो. या महिन्यापासून त्यांचे पैसे वाढवलेत.

बाबांना हे सगळं वहीत लिहून दाखवलं. प्लॉटच्या कर्जाचा हप्ता सव्वा लाख बसणार होता, माझी शिल्लक एक लाख. ते बराच वेळ वहीकडे बघत होते. मग म्हणाले, "अरे, मी तर तुझ्या काकाला साडेपाच लाख सांगून बसलोय."

विसार दिला नाही. मी मात्र चाललोय, कारण तिथलं काम मला हवं तसं आहे. पण आता घरात सगळ्यांना माहीत आहे, की मी वरचे 15 हजार कमवायला चाललोय, साडेपाच लाख नाही.

तुमच्याकडे परदेशातली ऑफर आली असेल, तर कोणालाही आकडा सांगायच्या आधी महिन्याच्या शेवटी किती उरणार, तेवढं काढा. आणि विसार त्यानंतर द्या! भेटू पुढच्या भागात.