यंत्र बाजूला ठेवल्यावर

शाळेत नवे साधन आले की त्याचे थाटामाटाने उद्घाटन होते, छायाचित्र निघते आणि पुष्कळदा ते साधन कपाटात कुलूपबंद होते. रेडिओच्या वाट्याला हे आले, दूरचित्रवाणीच्या आले, संगणकाच्याही आले. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वर्गाच्या दाराशी उभी आहेत. त्यांचे स्वागत करावे की नाही, या वादातून फारसे निष्पन्न होणार नाही. त्यांच्यामुळे मूल खरोखर शिकते काय आणि ते ओळखावे कसे, हा विचार अधिक निकडीचा आहे.

असा शोध या देशाला नवा नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात एटीएस-६ या अमेरिकन उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांना दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविण्यात आले. 'साइट' या नावाने ओळखल्या गेलेल्या या प्रयोगात सकाळची वेळ शाळकरी मुलांसाठी होती. प्रयोगाबरोबरच त्याचे मूल्यमापनही हाती घेण्यात आले, हे विशेष. अभ्यासक खेड्यांत मुक्काम करून राहिले. संच किती बसविले, एवढ्या हिशेबावर त्यांनी समाधान मानले नाही.

हिशेब केवळ संचांचा ठेवला तर काय होते, हे पेरू देशाच्या उदाहरणावरून दिसते. तेथील ग्रामीण प्राथमिक शाळांतील मुलांना लॅपटॉप देण्यात आले. परंतु २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गणित व भाषा या विषयांत त्यांची प्रगती झाल्याचे आढळले नाही. याउलट, दिल्लीत २०१५ मध्ये झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत. नववीतील मुले गणितात सरासरी साडेचार इयत्ता मागे असल्याचे त्यात आढळून आले. वर्गात मात्र नववीचेच पुस्तक चालू होते! 'माइंडस्पार्क' या संगणकीय कार्यक्रमाने प्रत्येक मुलाची पातळी पाहून त्याला उदाहरणे दिली. जोडीला लहान गटांत शिकविणारा मार्गदर्शकही होता. साडेचार महिन्यांत या मुलांनी गणित आणि हिंदी या दोन्ही विषयांत इतरांना स्पष्टपणे मागे टाकले. हे यश संगणकाचे किती आणि मार्गदर्शकाचे किती, ते मात्र वेगळे काढता येत नाही.

त्याहून बोधप्रद प्रयोग तुर्कस्तानातील आहे. तेथे माध्यमिक शाळेच्या सुमारे एक हजार विद्यार्थ्यांना गणिताच्या सरावासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा संवादक देण्यात आला. सरावातील गुण ४८ टक्क्यांनी वाढले. मग साधन काढून घेऊन परीक्षा घेण्यात आली, तेव्हा हेच विद्यार्थी साधन न मिळालेल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडले. उत्तर हाती मिळत होते, रीत मनात उतरत नव्हती. शिक्षकांनी तयार केलेल्या सूचनांच्या आधारे केवळ इशारे देणारा दुसरा संवादक ज्यांना मिळाला, त्यांचे असे नुकसान जवळजवळ झाले नाही. शिकवणीत मूळ उदाहरण वहीत उतरवून घेणारा मुलगा प्रत्येक शिक्षकाने पाहिलेला आहे. हा त्याचाच नवा अवतार म्हणावयाचा.

महाराष्ट्रातील शिक्षकांनाही अशी साधने अपरिचित नाहीत. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामाचा आरंभ आपल्या वर्गातील मुलांच्या अडचणीपासून झाला होता, यंत्रापासून नव्हे.

तुर्कस्तानातील पद्धत कोणत्याही केंद्रातील शाळांना अवलंबिता येण्याजोगी आहे. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. दोन तुकड्या घ्याव्यात. एकीला साधन द्यावे, दुसरीला नेहमीचा फळा. भिल्ली वा गोंडी बोलणाऱ्या मुलांना साधनाची पुस्तकी मराठी कितपत कळते, याची नोंद स्वतंत्रपणे ठेवावी. तीन आठवड्यांनी सर्व साधने बंद करून, दोन्ही तुकड्यांना तीच उदाहरणे कोऱ्या कागदावर सोडवावयास द्यावीत.