शाळेचे संकेतस्थळ : पृष्ठाप्रमाणे साचा



शाळेच्या दप्तरात हजेरीपत्रकाचे रकाने एका प्रकारचे, जनरल रजिस्टरचे दुसऱ्या प्रकारचे, तर पोषण आहाराच्या नोंदवहीचे आणखी निराळे असतात. तांदळाचा हिशेब हजेरीपत्रकात लिहावयास कोणी बसत नाही. संकेतस्थळावर मात्र नेमके हेच घडते. शाळेचा परिचय, सूचना, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे व निकाल ही सर्व पृष्ठे एकाच साच्यात कोंबली जातात.

साचा, म्हणजे ज्याला पडद्यावर ‘टेम्पलेट’ म्हणतात तो, पृष्ठाची केवळ मांडणी ठरवितो: मथळा कोठे यावा, बाजूची पट्टी असावी की नसावी, मजकूर किती रुंद पसरावा इत्यादी. मजकूर त्याहून वेगळा साठविलेला असतो. २००३ साली निघालेल्या वर्डप्रेस या विनामूल्य साधनात २००५ पासून स्वतंत्र पृष्ठांची सोय आहे. तेथे साचा बदलला तरी लिहिलेल्या मजकुराचे एक अक्षरही हलत नाही. तेव्हा निवडून पाहण्यास भिण्याचे कारण नाही.

रीत सोपी आहे. पृष्ठ संपादनासाठी उघडले म्हणजे उजवीकडील पट्टीत ‘टेम्पलेट’ ही ओळ दिसते. तीत संकेतस्थळाच्या चालू थीममध्ये असलेले साचे मिळतात. त्यांतील एक निवडून पृष्ठ जतन करावे. काहीच न निवडल्यास सामान्य साचा आपोआप लागू होतो, आणि बहुतेक पृष्ठांना तोच पुरेसा असतो. जानेवारी २०२२ नंतरच्या नव्या धर्तीच्या थीममध्ये मात्र साचा ‘बदलणे’ आणि साचा ‘संपादित करणे’ हे दोन पर्याय जवळजवळ असतात. पहिल्याने त्या एका पृष्ठापुरता फरक पडतो. दुसऱ्याने तो साचा वापरणाऱ्या सर्वच पृष्ठांचे रूप पालटते. सूचनेच्या पृष्ठावरील बाजूची पट्टी काढावयास जावे आणि साऱ्या संकेतस्थळावरून ती नाहीशी व्हावी, असा घोटाळा येथेच होतो. एकाच पृष्ठासाठी वेगळे रूप हवे असेल, तर नवा साचा करून तो त्या पृष्ठास द्यावा.

आता कोणत्या पृष्ठास कोणता साचा द्यावा? गावच्या मालगुजारी तलावाविषयी मुलांनी माहिती व छायाचित्रे जमविली असतील, तर त्यास रुंद साचा शोभतो. कोहळी लोकांनी बांधलेल्या तलावाची पाळ अरुंद चौकटीत कशी मावणार! सूचनांच्या पृष्ठाचे तसे नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडारा शहर आणि नदीकाठची गावे वेढली होती. अशा दिवसांत पवनी वा मोहाडी तालुक्यातील पालक क्षीण नेटवर्कवर, साध्या मोबाईलवर, शाळा उघडी की बंद एवढेच पाहणार. त्याच्यापुढे आधी सरकत्या चित्रांची माळ उलगडू लागली, तर सूचना असूनही ती पोहोचली नाही असेच म्हणावे लागेल. सूचनांच्या पृष्ठास चित्रे व पट्ट्या नसलेला कोरा साचा द्यावा, आणि तारीख पहिल्या ओळीत लिहावी. शोभेचा मोह मुख्यपृष्ठावर भागवून घ्यावा.

वेळापत्रकाच्या तक्त्यास रुंद साचा दिला म्हणजे काम झाले, हीही समजूत पुरी खरी नाही. संगणकावर त्याचा उपयोग होतो. मोबाईलचा पडदा अरुंदच राहतो. तेथे सहा दिवसांचा एकच तक्ता न देता दिवसवार छोटे तक्ते करणे बरे.

थीम बदलताना विशेष जपावे. नव्या थीममध्ये त्याच नावाचा साचा नसेल, तर पृष्ठ सामान्य साच्यावर येऊन बसते. मजकूर शाबूत असतो, परंतु मांडणी विसकटते. म्हणून पृष्ठाचे नाव, त्यास दिलेला साचा आणि दिनांक यांची नोंद एका वहीत ठेवावी आणि बदली होताना ती वही पासवर्डासह नव्या शिक्षकाच्या स्वाधीन करावी.