गावच्या डॉक्टरचं शिक्षण



मला एकाच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. गावात डॉक्टर टिकत का नाहीत? तरुणांत सेवाभाव उरला नाही, हे उत्तर आपण वर्षानुवर्षं ऐकतो. मला ते पटत नाही, आणि तुम्हा वैद्यकीय विद्यार्थ्यांवर अन्याय करणारंही वाटतं. गावात एकट्यानं रुग्ण सांभाळायला जे शिक्षण लागतं, ते आपण तुम्हाला देतच नाही, हे खरं कारण आहे असं मी मानतो. सपाटीवरचं प्राथमिक आरोग्य केंद्र ३०,००० लोकांसाठी असतं, आदिवासी आणि डोंगराळ भागात २०,००० लोकांसाठी. तिथल्या एका सकाळी फुरसं चावलेला शेतमजूर, कीटकनाशक प्यायलेला मुलगा, रक्तदाब वाढलेली गरोदर बाई आणि औषध अर्धवट सोडलेला क्षयरोगी, असे सगळे एकाच टेबलासमोर येतात. तुम्ही हे आजार वेगवेगळ्या वॉर्डांत शिकता. हाकेच्या अंतरावर रजिस्ट्रार असतो, रक्तपेढी असते. ती सोबत नसताना काय करायचं आणि रुग्णाला पुढे केव्हा पाठवायचं, हे वेगळं कौशल्य आहे. त्याची खोली पाहायची असेल तर रायगड जिल्ह्यातलं डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम पाहा. विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग त्यांनी ग्रामीण रुग्णांवर उपचार करता करता दाखवून दिला आणि ‘लॅन्सेट’नं तो जगापुढे आणला.

या कौशल्याचं रीतसर शिक्षण देता येतं, हे इतरांनी दाखवलं आहे. जपाननं १९७२ मध्ये जिची वैद्यकीय विद्यापीठ काढलं. प्रत्येक प्रांतातून मोजके विद्यार्थी निवडायचे, फी माफ करायची आणि पदवीनंतर ९ वर्षं त्यांनी आपल्याच प्रांतात काम करायचं, अशी ती योजना. करार संपल्यावरही बहुसंख्य पदवीधर आपापल्या प्रांतात राहिलेले दिसतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडनं २००७ पासून ग्रामीण डॉक्टरांसाठी स्वतंत्र प्रशिक्षणमार्ग आखला. सर्वसाधारण वैद्यकाबरोबर भूल, प्रसूती किंवा आपत्कालीन उपचार यांपैकी एक कौशल्य पक्कं करायचं, आणि त्याला मान्यता व वाढीव पगार जोडलेला. आपणही प्रयत्न केले, पण तुकड्यातुकड्यांनी. एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांत भूल देण्याचं आणि १६ आठवड्यांत सिझेरियनसह तातडीच्या प्रसूतिसेवेचं प्रशिक्षण द्यायच्या योजना देशात झाल्या. मात्र सिझेरियन शिकलेल्याची बदली शस्त्रक्रियागृहच नसलेल्या ठिकाणी झाली, तर हात विसरतात. शिकण्याला पुढची पायरी नसली की माणूस दुसरी वाट धरतो. सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान हा याला सन्माननीय अपवाद. तिथे पहिल्या वर्षापासून विद्यार्थी गावात राहून शिकतात आणि ग्रामीण सेवेची सांगड पदव्युत्तर प्रवेशाशी घातलेली आहे.

यावर कोणी म्हणेल, सरकारी महाविद्यालयांत वर्षभराच्या सेवेचा बाँड आहेच की. पण ते वर्ष बहुतेकांचं नीट-पीजीच्या पुस्तकांत जातं, आणि रुग्णाला दरवर्षी नवा चेहरा भेटतो. मधुमेह, रक्तदाब, क्षय यांच्या रुग्णांना वर्षानुवर्षं ओळखणारा डॉक्टर लागतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आधी क्वार्टर्स, पगार, सुरक्षितता आणि मुलांची शाळा द्या, मग प्रशिक्षणाचं बोला. हे मागणं रास्तच आहे आणि सरकारनं ते पुरवलंच पाहिजे. मात्र चांगलं घर मिळूनही, मध्यरात्री रक्तस्राव होत असलेल्या बाळंतिणीसमोर ज्याला आपण अपुरे पडतो असं वाटतं, तो डॉक्टर राहणार नाही. ही भीती शिक्षणानंच जाते. तिसरा आक्षेप असा की गावकऱ्यांना दुय्यम डॉक्टर कशाला, त्यांना तज्ज्ञच द्या. जरूर द्यावेत, पण २०२१-२२ च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या ग्रामीण भागातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांवर गरजेच्या तुलनेत सुमारे ८० टक्के तज्ज्ञ कमी होते. त्यांची वाट पाहत पिढ्या गेल्या. शिवाय तीन वर्षं फॅमिली मेडिसिन, म्हणजे एकट्यानं रुग्ण सांभाळण्याचं हेच कौशल्य, रीतसर शिकलेला डॉक्टर दुय्यम कसा? त्याला दुय्यम ठरवतो तो आपला मानपान, कारण बहुतेक महाविद्यालयांत या विषयाचा विभागच नाही.

म्हणून अधिष्ठाता महोदय, एक विनंती. एमडी फॅमिली मेडिसिनच्या जागांसाठी प्रस्ताव पाठवा आणि त्या प्रशिक्षणाचा मोठा भाग ग्रामीण रुग्णालयात होऊ द्या. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जिल्हा पातळीवर तीन महिने काढणं आता बंधनकारक आहेच. त्याच व्यवस्थेला पुढे नेता येईल. आणि विद्यार्थ्यांनो, इंटर्नशिपमधले कम्युनिटी मेडिसिनचे १२ आठवडे सही करण्यापुरते ठेवू नका. लेबर रूममध्ये रात्रपाळी मागून घ्या, आशाताईंबरोबर घरोघरी जा, सर्पदंशाचा रुग्ण आला तर प्रतिविषाचा पहिला डोस जाण्यापासून तो घरी जाईपर्यंत त्याच्यापाशी थांबा. त्यानंतर गावात राहायचं की नाही, हे ठरवा.