सांडपाणी हा कामगारांचाही प्रश्न आहे
(जबलपूर येथे रेल्वे कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



पेन्शन, रिक्त पदे आणि बोनस यांवर माझ्या आधीच्या वक्त्यांनी सविस्तर मांडणी केली आहे. ती पुन्हा करून मी आपला वेळ घेत नाही. मी आज सांडपाण्यावर बोलणार आहे. मागे काही जण हसले, ते मी पाहिले. पण थोडे ऐकून घ्या.

आपण पास काढतो, बायको-मुलांना घेऊन गोव्याला जातो. मडगावला उतरतो, किनाऱ्यावर जातो, मुले पाण्यात उड्या मारतात. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. आणि सरकारी आकड्यांप्रमाणे २०२४ या एका वर्षात तिथे एक कोटीहून अधिक पर्यटक आले. यातला प्रत्येक जण आंघोळ करतो, संडासला जातो, त्याच्या खोलीच्या चादरी रोज धुतल्या जातात. हे सगळे पाणी जाते कुठे?

किनाऱ्यावरच्या पुष्कळ गावांत ते सेप्टिक टाकीत आणि तिथून शोषखड्ड्यात जाते. चार माणसांच्या घराला शोषखड्डा ठीक आहे. पण जमीन वाळूची, पाणी थोड्याच खोलीवर, आणि वर उभे चाळीस खोल्यांचे हॉटेल! असा खड्डा घाण जिरवत नाही, तो ती शेजारच्या विहिरीत पोहोचवतो. टाकी भरली की टँकर बोलवायचा. टँकरने तो मैला शुद्धीकरण प्रकल्पावर नेऊन ओतायचा असा नियम आहे. प्रकल्प लांब असतो, नाला जवळ असतो, रात्र अंधारी असते. पुढचे मी सांगायला नको. अशा टँकरांच्या बातम्या गोव्याच्या वर्तमानपत्रांत वारंवार येतात.

तिथली साळ नदी वेर्ण्याच्या बाजूने निघते, मडगावला वळसा घालून बेतूलपाशी समुद्राला मिळते. या नदीचा खारेबांध ते मोबोर हा पट्टा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये प्रदूषित पट्ट्यांच्या यादीत घातला. खारेबांध म्हणजे मडगावचे अंग आणि मोबोर म्हणजे आलिशान हॉटेलांचा किनारा. या दोन टोकांच्या मध्ये जाळे टाकणारा, खाडीत तिसऱ्या वेचणारी बाई, यांना कोणी विचारले नाही. पर्यटक चार दिवसांनी घरी जातो. त्याला पोटाचा त्रास झाला तर तो म्हणतो, मासळी बाधली.

समुद्रात आंघोळ करायची तर १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठेतले जंतू १०० च्या वर नसावेत, असे आपल्याच देशाचे मानक आहे. नदीच्या आंघोळीला ते ५०० असावेत, २५०० च्या वर नकोत. हे आकडे किनाऱ्यावर फळा लावून रोज लिहिले पाहिजेत. आपण प्लॅटफॉर्मवर गाडी उशिरा येणार असेल तर तासातासाला सांगतो, मग पाण्याबद्दल का सांगू नये?

आता देशाचा हिशेब बघा. केंद्रीय मंडळाच्या २०२०-२१ च्या पाहणीप्रमाणे शहरांतून दिवसाला ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघते. उभारलेल्या प्रकल्पांची क्षमता ३१,८४१. त्यांतले चालू प्रकल्प २६,८६९ चे. आणि प्रत्यक्षात शुद्ध होते २०,२३६. म्हणजे यंत्रे कमी आहेत हे एक दुखणे, पण जी यंत्रे आहेत तीही पूर्ण चालत नाहीत हे दुसरे. हे दुसरे दुखणे आपल्या ओळखीचे आहे. शेड नवी, उद्घाटनाचा दगड नवा आणि कामाला माणसेच नाहीत!

शुद्धीकरण प्रकल्प म्हणजे जादू नव्हे. आधी जाळीवर चिंध्या, प्लास्टिक अडवायचे, मग वाळू खाली बसू द्यायची. पुढच्या टाकीत जंतूच घाण खातात. पण ते जंतू जिवंत आहेत, त्यांना चोवीस तास हवा लागते. विजेचे बिल वाचवायला कंत्राटदाराने रात्री हवेचे यंत्र बंद ठेवले तर सकाळी टाकीत मेलेले जंतू आणि पाणी जसेच्या तसे. म्हणजे हे तीन पाळ्यांचे काम आहे, शिकलेल्या माणसाचे काम आहे. आपल्या गाड्यांतील बायो-टॉयलेट डीआरडीओच्या साथीने आले, तेही जंतूंवरच चालते. पूर्वी सगळा मैला रुळांवर पडत होता आणि तो ट्रॅकवरचा आपलाच माणूस तुडवत होता. ते थांबले हे चांगलेच झाले. पण भांड्यात बाटली आणि कापड टाकले की टाकी तुंबते, आणि ती साफ करायला पुन्हा कंत्राटी माणूसच हात घालतो.

आपण जबलपूरकर गोव्याला नावे ठेवायला मोकळे नाही. ओमती नाला आणि मोती नाला पावसाचे पाणी वाहून न्यायचे मार्ग. आज त्यांत बारा महिने शहराची घाण वाहते. ती परियट, हिरन अशी पुढे नर्मदेलाच मिळते. कठौंद्याला प्रकल्प उभा आहे, पण मलवाहिन्यांच्या कामाला वर्षानुवर्षे मुहूर्त लागतात. घर जोडले नाही तर प्रकल्प म्हणजे रूळ न टाकता बांधलेले स्टेशन. ग्वारीघाटावर रोज संध्याकाळी आरती होते, भेडाघाटला देशभरातून लोक येतात, २०२१ मध्ये ते युनेस्कोच्या संभाव्य यादीतही गेले. आणि शहराचे पिण्याचे पाणी ललपूरला याच नदीतून उचलले जाते.

काही जण म्हणतात, ही पर्यावरणवाल्यांची कामे आहेत. फिलिपाइन्समध्ये बोराकाय नावाचे बेट आहे, पांढऱ्या वाळूसाठी जगप्रसिद्ध. हॉटेलांचे सांडपाणी समुद्रात जाते म्हणून तिथल्या सरकारने २६ एप्रिल २०१८ पासून सहा महिने सारे बेट पर्यटकांना बंद केले. सफाई झाली, बेट पुन्हा उघडले. पण त्या सहा महिन्यांत हजारो स्वयंपाकी, नावाडी, खोल्या झाडणाऱ्या बायका घरी बसल्या. ज्यांनी नळी समुद्रात सोडली त्यांनी आधीच नफा कमावला होता. किंमत कामगाराने मोजली. उद्या आपल्या भेडाघाटच्या नावाड्यावर ही पाळी आली तर त्याच्या मजुरीची भरपाई कोण देणार?

आणि गटारात उतरणारा माणूस! मैला साफ करवून घेण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ मध्ये झाला, दुसरा २०१३ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारातील मृत्यूला दहा लाख रुपये भरपाई सांगितली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. भरपाई वाढली, पण माणसे अजून मरत आहेत, कारण यंत्रापेक्षा कंत्राटी मजूर स्वस्त पडतो.

म्हणून आजच्या ठरावात तीन गोष्टी घालाव्यात अशी माझी सूचना आहे. प्रकल्प चालवणाऱ्यांना तिन्ही पाळ्यांत कायम नोकरी, घाटावर पाण्याच्या तपासणीचा फळा, आणि गटारात माणूस उतरवणाऱ्या कंत्राटदाराचे कंत्राट तत्काळ रद्द. पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता ज्यांना सुट्टी आहे त्यांनी ओमती नाल्याच्या पुलावर जमावे. तिथून आपण नाल्याच्या काठाने चालत जाऊ आणि कोणत्या वस्तीची जोडणी झालेली नाही ते वहीत उतरवून घेऊ. ज्यांची रात्रपाळी सहाला सुटते त्यांच्यासाठी चहाची व्यवस्था केलेली आहे.