गाडी घरी ठेवून अलिबागला

सुट्टीचं ठिकाण ठरवताना आपण आधी बघायचं काय ते ठरवतो, मग राहायचं कुठे ते. तिथे फिरायचं कसं, हा प्रश्न बहुधा निघतच नाही, कारण गाडी दारात उभी असते. गाडी न्यायची नाही असं ठरलं की हा प्रश्न पहिला येतो, आणि न्हावा शेवा, द्रोणागिरी, उरण या पट्ट्यात राहणाऱ्यांना तो जास्तच टोचायला हवा. १९८९ साली इथे बंदर सुरू झालं. आज वर्षाला वीस फुटी मापाचे सत्तर लाखांहून अधिक कंटेनर इथून ये-जा करतात, आणि इथले रस्ते ते वाहणाऱ्या ट्रेलरच्या सोयीने आखलेले आहेत. २०२४च्या जानेवारीत याच किनाऱ्यावर २१.८ किलोमीटरचा अटल सेतू येऊन टेकला. त्यावर रिक्षा आणि दुचाकीला मज्जाव आहे. पायी जाणाऱ्याची तर गोष्टच नको. म्हणून वर्षभर अशा रस्त्यांच्या कडेने जीव मुठीत धरून चालणाऱ्या माणसाने निदान चार दिवस पायांना मोकळीक मिळेल असं गाव निवडावं, आणि निवडताना नकाशावर आधी अंतरं मोजावीत, प्रेक्षणीय स्थळं नंतर.

मोटार नसलेलं गाव म्हटलं की रायगड जिल्ह्यात पहिलं नाव येतं माथेरानचं. तिथे वाहनबंदी आहे, २००३ पासून ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर आहे, आणि नेरळहून डोंगर चढणारी छोटी गाडी १९०७ पासूनची. चालायला माथेरानसारखी जागा नाही, हे मान्य. पण मोटारी थांबतात त्या दस्तुरीला उतरल्यावर बाजारपेठेपर्यंत दोन-अडीच किलोमीटरची लाल मातीची वाट आहे, आणि हॉटेल त्याही पलीकडे असू शकतं. अमन लॉज स्टेशनवरून सुटणारी शटल गाडी मिळाली नाही तर बॅगा हमालाच्या डोक्यावर जातात आणि आजी माणसाने ओढायच्या रिक्षात बसते. ही हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट २०२५ मध्ये सांगावं लागलं. इंजिनाचं ओझं माणसाच्या खांद्यावर आलं, एवढ्याने गाव पायी फिरण्याजोगं होत नाही. स्टँडवर उतरल्यापासून खोलीच्या दारापर्यंतचं अंतर आपल्या सामानासकट आपल्याला झेपतं का, हे पाहायला हवं. जाहिरातीत हे अंतर कधी छापत नाहीत.

या कसोटीवर मला अलिबाग उजवं वाटतं. मोटारीने जायचं तर खाडीला वळसा घालून पेण आणि वडखळवरून जावं लागतं, आणि सुट्टीच्या दिवशी वडखळच्या आसपास काय होतं ते सांगायला नको. ‘गाडी असली की आपण आपले मुखत्यार’ असं म्हणणाऱ्यांनी तिथला शनिवार आठवावा. विनागाडीचा रस्ता मात्र सरळ आहे. न्हावा शेवा स्टेशनवरून लोकलने उरण, तिथून रिक्षाने करंजा, करंज्याहून लाँचने धरमतरची खाडी ओलांडून रेवस, आणि रेवसहून एसटी किंवा मिनीडोर रिक्षा. चार वेळा चढउतार होते, हा आक्षेप खरा आहे. चाकांच्या मोठ्या बॅगा घेऊन हा प्रवास करू नये. खांद्याला मावेल तेवढंच न्यावं. रिक्षा आणि एसटी घेतली म्हणजे विनागाडीचं व्रत मोडलं, असंही कोणी म्हणेल. पण हे व्रत नव्हेच. चार दिवस पार्किंग शोधत हिंडायचं नाही, एवढाच हेतू.

एकदा एसटी स्टँडवर उतरलं की अख्खं गाव पायाखाली येतं. बाजारपेठ, कान्होजी आंग्र्यांची समाधी, हिराकोट, किनारा, सगळं सावकाश चालणाऱ्यालाही पल्ल्यात आहे. चुंबकीय वेधशाळाही गावातच. ती १९०४ साली इथे आली त्याचं कारण ऐकण्यासारखं आहे: मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या वेधशाळेतली नाजूक उपकरणं बिघडली असती. म्हणजे वाहनांच्या जाचाला कंटाळून अलिबागला येणाऱ्यांची परंपरा तशी जुनीच.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला तर मोटारीचा उपयोगच नाही. ओहोटीला चालत जायचं. आणि इथे सुट्टीच्या तारखा ठरवायला पंचांग लागतं. कोकणात भरतीचा हिशोब तोंडपाठ असतो: तिथीची पाऊणपट करा, जो आकडा येईल त्या सुमाराला पूर्ण भरती. तृतीयेला ती सव्वादोनला, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वाआठच्या आसपास. शिवाय पौर्णिमा-अमावास्येनंतरचे हे दिवस उधाणाचे, पाणी भरपूर मागे हटतं. अष्टमीला ओहोटी भर दुपारी, भांगाची, आणि पाणी पुरतं हटेलच असं नाही. तेव्हा लाँग वीकएंड बघून खोली घेण्यापेक्षा द्वितीया-तृतीया बघून घ्यावी. परत कधी निघायचं ते मात्र किनाऱ्यावरच्या माणसांना विचारूनच ठरवावं. पाऊणपटीचा हिशोब ढोबळ असतो आणि पाणी कोणासाठी थांबत नाही.

आक्षेप उरतात ते ऊन, पाऊस आणि म्हातारी माणसं यांचे. पावसाळ्यात लाँचचा भरवसा नाही आणि किल्ल्याची वाटही बंद, तेव्हा जून ते सप्टेंबर हा बेत नकोच. उन्हाचं म्हणाल तर सकाळ-संध्याकाळ चालावं, दुपारी झोपावं. कोकणात तेच करतात. गुडघे दुखणाऱ्यांसाठी खोली स्टँड आणि किनारा यांच्या मधे घ्यावी आणि नागाव-आक्षीचा समुद्र हवाच असेल तर मिनीडोर करावी. नागावला वाडीत उतरून रोज अलिबागला यायचं म्हटलं, तर मग घरची गाडी आणली असती तेच बरं, असं दुसऱ्या दिवशी वाटेल.

करंजा आणि रेवस यांच्यामध्ये आता पूल उभा राहतो आहे. त्यावर पायवाट असणार का, आणि पूल झाल्यावर लाँच चालू राहणार का, हे दोन प्रश्न उरणकरांनी पूल खुला होण्याआधीच विचारून ठेवलेले बरे.